उद्यमनगरातलं बिनबोर्डाचं गॅरेज आणि माझ्या गाडीचा निळा धूर

पाचवीतल्या एका मुलानं मला पहिल्यांदा सांगितलं. जुलैचा महिना, शाहूवाडीकडचा पाऊस, शाळा सुटलेली. मी गाडी चालू केली आणि तो छत्री बंद करून मागं उभा राहिला. "बाई, गाडी धूर मारतीया." मी म्हटलं, पावसाळी हवेत वाफ दिसतेच. तो म्हणाला, "न्हाई बाई, वाफ पांढरी असती. ह्यो निळा हाय." त्याच्या वडिलांचा ट्रॅक्टर आहे. मी उतरून मागं जाईपर्यंत धूर थांबला होता, पण वास तिथंच होता. कढईत तेल करपल्यावर येतो तसा जड, घशात बसणारा.

माझी गाडी २०१३ सालची. पेट्रोलची साधी हॅचबॅक, १.२ लिटरचं इंजिन, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व. काटा १,१२,००० किलोमीटरवर. कोल्हापूर ते शाळा रोजचं जाणं-येणं, आणि माहेर साखरप्याला असल्यामुळं महिन्या-दीड महिन्यानं आंबा घाट. ही गाडी मी माझ्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

त्या दिवसापासून मी डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, बघायला लागले. जूनमध्ये सर्व्हिसिंगला ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं. ते ११०० किलोमीटरमध्ये खालच्या खुणेवर आलं. माझ्या गाडीत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर ऑइल बसतं. जमिनीवर एक थेंब नाही, म्हणजे गळती नाही. गाडी ऑइल खात होती.

आधी मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. नाव घेत नाही, कारण तिथली माणसं वागायला नीट होती. पण गाडी दहा मिनिटं बघितली, उभ्या उभ्या दोनदा रेस केली आणि सांगितलं, रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. कागदावर आकडा आला ६२,००० रुपये. स्पार्क प्लग काढून बघितला नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला नाही. धूर कधी येतो हेही कुणी विचारलं नाही. शाळेतल्या एका सरांनी वेगळाच सल्ला दिला: जाड ऑइल टाका, धूर बंद होईल. पाच-तीस (5W-30) ग्रेडच्या जागी त्याहून जाड वीस-पन्नास (20W-50). मी दोन्ही केलं नाही आणि घरी आले.

या गॅरेजचा पत्ता दिला माझ्या भावजयीच्या वडिलांनी. त्यांची आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर नोकरी झाली. शिवाजी उद्यमनगर ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. एका गल्लीत फाउंड्रीचं काम, दुसरीत बोअरिंग, तिसरीत क्रँक ग्राइंडिंग, सकाळपासून लोखंडाचा आणि कुलंटचा वास. त्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये हे गॅरेज. बोर्ड नाही. एकावेळी तीन गाड्या मावतात. मिस्त्री साठीच्या घरात, हाताखाली दोन पोरं.

मी सांगायला सुरुवात केली की रिंगा गेल्यात असं म्हणतात. त्यांनी हात वर केला. "ते ऱ्हाऊ दे मॅडम. धूर कसला ते नंतर बघू. आधी सांगा, येतो कधी?"

मला तिथंच बरं वाटलं. वीस वर्षं वर्गावर घालवल्यावर बरोबर प्रश्न विचारणारा माणूस ओळखता येतो.

मग ते एकेक विचारत गेले. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर येतो का? हो, येतो, अर्धा मिनिट, मग जातो. हायवेला ऐंशीच्या स्पीडनं चालवताना आरशात दिसतो का? नाही. घाट चढताना, दुसऱ्या गिअरवर जोर लावल्यावर? मी आठवून बघितलं. आंबा घाट चढून येताना मागच्या गाडीनं कधी हॉर्न दिला नव्हता. आणि उतरताना? उतरताना नाही, पण घाट संपल्यावर साखरप्याच्या अलीकडं सपाटीला लागून अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागं असा ढग उठतो की मागचा मोटारसायकलवाला बाजूला होतो.

ते पोराकडं बघून म्हणाले, "बघ. चढताना न्हाई, उतरून आल्यावर. काय असंल?" पोरगं म्हणालं, "व्हॉल्व सील." मिस्त्री म्हणाले, "वाटतंय तसंच. पण वाटून उपेग न्हाई, बघाय पायजे."

यामागचं कारण त्यांनी मला समजावलं, आणि मी ते आता सातवीच्या विज्ञानाच्या तासाला सांगते. घाट उतरताना आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, गाडी गिअरवर रोखून धरतो. हवेचा दरवाजा बंद, पण पिस्टन खाली-वर पळतच असतात. ते हवा ओढतात आणि हवा मिळत नाही. बाटली तोंडाला लावून आतली हवा ओढली की जीभ आत खेचली जाते, तशी खेच त्या मार्गात तयार होते. व्हॉल्व म्हणजे सिलिंडरच्या तोंडाची झडप. तिच्या दांड्याभोवती रबराचं एक छोटं टोपण असतं, ते वरचं ऑइल खाली येऊ देत नाही. तेच सील. ते कडक झालं की या खेचीनं ऑइल दांड्यावरून खाली उतरत राहतं आणि साठतं. घाट संपला, पाय दाबला, की साठलेलं सगळं एकदम जळतं. निळा ढग. सकाळचा धूरही तसाच: रात्रभर गाडी उभी असताना वरचं ऑइल थेंब थेंब खाली झिरपतं आणि पहिल्या स्टार्टरला जळतं. रिंगा गेल्या असत्या तर जोर लावताना, चढताना धूर दिसला असता, आणि तो थांबला नसता.

त्यांनी गाडी ठेवून जायला सांगितलं, आणि एक अट घातली. "सकाळी मी आल्याशिवाय कुणी चावी फिरवायची न्हाई. एकदा गरम झाली की पुरावा गेला." दुसऱ्या दिवशी साडेआठला मी हजर. त्यांनी सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर एक पांढरं फडकं काठीला बांधून धरलं आणि मला सायलेन्सरच्या मागं, पण जरा बाजूला उभं केलं. पोरानं स्टार्टर मारला. पहिला भपका निळसर, फडक्यावर बारीक तेलकट ठिपके. ते फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. बोटानं चोळलं तर ठिपका पसरला, पुसला गेला नाही. पेट्रोल जास्त जळत असतं तर तिथं काजळी आली असती, कोरडी आणि काळी. पाणी असतं तर नुसतं ओलं झालं असतं आणि वाळलं असतं. चाळीस सेकंदांत धूर गेला. मग गाडी दहा मिनिटं तशीच चालू ठेवली आणि एकदम रेस केली. पुन्हा निळा भपका, पुन्हा साफ.

इंजिन गरम असताना चारही प्लग काढले. तीन प्लग विटकरी-करडे, कोरडे. तिसऱ्या सिलिंडरचा काळा आणि ओला. मग कॉम्प्रेशन. पेट्रोलचा फ्यूज काढून ठेवला, मला सीटवर बसवलं, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगितलं. ते "मारा" म्हणाले की स्टार्टर, "बास" म्हणाले की सोडायचं. एकेका भोकात गेज लावत गेले आणि खडूनं पत्र्याच्या भिंतीवर आकडे लिहीत गेले: १७०, १६५, १६५, १७० पौंड. नंतर पिचकारीनं प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तेच. १७५, १७०, १७५, १७५. रिंगा झिजलेल्या असत्या तर त्या ऑइलनं फट तात्पुरती बुजली असती आणि आकडा चांगला तीस-चाळीसनं उडाला असता. इथं पाच-दहा पौंडांचा फरक. ते आकडे मी फोनवर टिपून घेतले. बासष्ट हजारांचा निकाल या आठ आकड्यांनी फिरवला. त्या चाचणीला लागला जेमतेम पाऊण तास.

तरीही त्यांनी लगेच इंजिन उघडलं नाही. आधी पीसीव्ही व्हॉल्व काढला. इंजिनच्या पोटात साठणारा वायू परत जाळायला पाठवणारी ही बोटाएवढी वस्तू. कानाशी धरून हलवली तर आत खुळखुळा वाजायला पाहिजे. माझी मुकी होती, चिकटलेली. ही तुंबली तरी गाडी ऑइल खाते, आणि किंमत ३१० रुपये. "आधी स्वस्तातलं करू. पाचशे किलोमीटर पळवा, लिहून ठेवा, मग या." मी वहीत लिहीत गेले. फरक पडला, पण पुरेसा नाही. आधी एक लिटर ११०० किलोमीटरला जात होतं, आता हिशोबानं १५०० च्या आसपास. सकाळचा भपका होताच. मग सील बदलायचं ठरलं.

वाट बघताना दुसऱ्यांच्या गाड्याही बघायला मिळाल्या. या गॅरेजला जाण्यातलं हे मला सगळ्यात आवडलं. एक डिझेल पिकअप काळा धूर टाकत आली. चालक इंजेक्टरचं, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागाचं, काम निघालं म्हणून घाबरलेला. मिस्त्रींनी आधी एअर फिल्टर उघडला. ऊसवाहतुकीच्या कच्च्या रस्त्याची लाल धूळ इतकी की फिल्टरच्या घड्या दिसत नव्हत्या. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग काळा धूर येणारच. नवा फिल्टर टाकला, धूर निम्म्याहून कमी झाला. उरलेल्यासाठी त्यांनी त्याला पंप-इंजेक्टरवाल्याकडं पाठवलं. एक बाई पांढऱ्या धुराची गाडी घेऊन आल्या. गाडी गरम झाली तरी धूर थांबत नव्हता, वास गोडसर, आणि कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीत इंजिन चालू असताना बुडबुडे. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ चहासारखा फेस. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं. मिस्त्रींनी त्यांना गाडी चालवत घरी जाऊ दिलं नाही, तिथंच ठेवायला लावली. पाणी सिलिंडरमध्ये शिरत असताना गाडी ओढली की हेड वाकतं, आणि छोट्या कामाचं मोठं होतं.

पांढऱ्या धुराबद्दल एक मुद्दाम सांगते, कारण डिसेंबरात खूप जण घाबरतात. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. थंड सकाळी ते सायलेन्सरमध्ये वाफेसारखं दिसतं, पाईपाच्या टोकाला थेंबही पडतात. पाच-दहा मिनिटांत सायलेन्सर तापला की दिसेनासं होतं. वास नसतो. ते कुठल्याही चांगल्या गाडीचं लक्षण आहे.

आता सील. मला वाटलं होतं हेड उतरवणार. उतरवलं नाही. टॅपेट कव्हर काढलं, टायमिंग चेनला दोन ठिकाणी पांढऱ्या रंगाची खूण केली, चेन तारेनं वर बांधून ठेवली, व्हॉल्व उघडणारे दोन्ही कॅम काढले. अडचण अशी की व्हॉल्वची स्प्रिंग काढली की व्हॉल्व खाली सिलिंडरमध्ये पडणार. त्यासाठी त्यांनी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी हातभर आत सोडली, टोक बाहेर ठेवलं, आणि इंजिन पान्यानं हातानं फिरवून पिस्टन वर आणला. दोरीचा गोळा पिस्टन आणि व्हॉल्वमध्ये दाबून बसला. व्हॉल्व जागच्या जागी. सुतळी का नाही, असं मी विचारलं. "सुतळीचं धागं आत ऱ्हात्यात." हवेच्या दाबावरही हे करतात, पण कॉम्प्रेसर बंद पडला तर व्हॉल्व खाली, म्हणून त्यांचा दोरीवर विश्वास.

प्रत्येक व्हॉल्वच्या टोकाला तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी दोन अर्धी लॉकं असतात. सोळा व्हॉल्व, बत्तीस लॉकं. एक जरी इंजिनच्या पोटात पडलं तर शोधायला सगळं खोलावं लागेल. त्यांनी ऑइल खाली जायची सगळी भोकं आधी फडक्यानं बुजवली, मग लॉकं चुंबकाच्या काडीनं एकेक उचलून पोळपाटाएवढ्या ताटलीत जोडी-जोडीनं मांडली. घड्याळजी काम करतो तसं. त्या तासात कुणी बोलायचं नाही असं ठरलेलंच होतं जणू. पोरगंही गप्प, मीही गप्प.

जुनी सीलं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. रबर म्हणायचं, पण नख रुतत नव्हतं. बांगडीसारखी कडक. एक बोटात दाबलं तर कट्कन तुटलं. शेजारी नवं धरलं, ते दाबलं की चेपून परत गोल. तिसऱ्या सिलिंडरच्या एका सीलला उभी चीर होती, आणि काळा ओला प्लग तिथलाच. उष्णतेनं आणि वयानं रबर असं होतं. शिवाय लॉकडाऊनच्या वर्षात मी ऑइल वेळेवर बदललं नव्हतं, ते मी त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आता बदला."

एकूण बिल: सोळा सीलं १,४४० रुपये, टॅपेट कव्हरचं पॅकिंग ५२०, पीसीव्ही ३१०, ऑइल आणि फिल्टर १,८५०, चार नवे प्लग ५६०, मजुरी ५,०००. सगळं मिळून ९,६८०. जुने भाग पिशवीत घालून दिले, मी न मागता.

सगळंच चांगलं आहे असं नाही. दोन दिवस म्हणाले आणि चार लागले. बाजारातून आणलेली पहिली सीलं त्यांना पसंत पडली नाहीत, बोटात दाबून बघितली आणि पोराला परत पाठवलं. मला हे नंतर पटलं, पण त्या चार दिवसांत मी एसटीनं शाळेला गेले आणि रोज पहिला तास चुकला. फोन उचलत नाहीत. बसायला एक लाकडी बाक, बायकांसाठी स्वच्छतागृह जवळपास नाही, हे त्यांनी खरंच बघायला हवं. बिल मागितल्याशिवाय लिहून देत नाहीत. आणि बीएस-सहा या नव्या प्रदूषण-नियमांच्या डिझेल गाड्यांचं, फिल्टर तुंबण्याचं, सेन्सरचं काम ते घेत नाहीत. ते स्वतःच सांगतात की आपल्याकडं तसलं स्कॅनर नाही, दुसरीकडं जा. मी याला उणीव म्हणून लिहिते, पण असं सांगणारा मिस्त्री मला जास्त भरवशाचा वाटतो.

दोन गोष्टी मी त्यांना खोदून विचारल्या. पहिली, जाड ऑइलचं. जाड ऑइलनं झिरपणं थोडं कमी होईल, पण थंड इंजिनमध्ये ते वर कॅमपर्यंत उशिरा पोचतं, आणि चीर पडलेलं सील काही शिवलं जात नाही. दुसरी, पीयूसीचं. माझी गाडी ऑगस्टमध्येच पीयूसी पास झाली होती! पेट्रोल गाडीच्या पीयूसीत गरम इंजिनचं, उभ्या गाडीतलं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. धुराची दाटी मोजतात ती डिझेलची. माझा धूर नेमका तेव्हा येत नव्हता. म्हणून पास झाली म्हणजे इंजिन ठीक, असं धरू नका. जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर विषारी वायू साफ करणाऱ्या भागावर, बसतो आणि तो निकामी करतो. ती वस्तू बदलायची म्हटली तर सीलांच्या कितीतरी पट खर्च येतो. धूर थोडाच आहे म्हणून वर्षभर टोलवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

काम सप्टेंबरअखेर झालं. त्यानंतर ३,४०० किलोमीटर झाले. डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्यापर्यंतही उतरलेलं नाही. भाऊबीजेला साखरप्याला गेले तेव्हा आंबा घाट मुद्दाम दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, पाय न लावता उतरले. सपाटीला लागल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि आरशात बघितलं. मागं रस्ता, भाताच्या कापलेल्या खाचरांवर पडलेलं ऊन, आणि एक मोटारसायकलवाला, सरळ माझ्या मागं.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: सोमवारी बंद. गाडी संध्याकाळी पाचच्या आत नेऊन ठेवा आणि चावी देऊन या. धूर दिसत असेल तर गाडी नेण्याआधी आठवडाभर वहीत लिहा, किती वाजता, गाडी गार का गरम, चढ का उतार, आणि ऑइल किती घातलं. माझी वही त्यांनी पानन् पान वाचली. आणि तुमच्याकडं कुणी उद्यमनगरातला जुना लेथवाला ओळखीचा असेल तर त्याला विचारा. बोर्ड नाही, पण गल्ली तो बरोबर दाखवेल.